उधारीची चिल्लर

खातेवही । महालकर

गेल्या रविवारी भाचा बर्डीवरून नवे बूट घेऊन आला. बुटांआधी त्यानं मोबाइल दाखवला. ‘‘मामा, पन्नास रुपये भेटले. अन् बुटाचे पैसे तर अजून दिलेच नाही, पुढच्या महिन्यात द्यायचे.’’ खिशातून दमडी न काढता वर पन्नासची कमाई! अशी खरेदी आमच्या पिढीला काही जमली नाही.

उधारी मात्र आम्हाला नवी नव्हती. महालात आमच्या घरचं किराण्याचं खातं होतं. सेठ महिनाभर लाल वहीत मांडत जायचे आणि वडिलांचा पगार झाला की हिशेब चुकता व्हायचा. त्या दिवशी सोबत गेलेल्या पोराच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. म्हणजे ‘आता घ्या, नंतर द्या’ही होतं आणि बक्षीसही होतं. पण गूळ मिळायचा तो उधारी फेडल्यावर. उधारी केली म्हणून सेठनं कधी कुणाला गूळ दिल्याचं मला आठवत नाही. उलट वहीचं पान भरत आलं की त्यांची भुवई वर जायची. भाच्याच्या मोबाइलला भुवई नाही.

मग हे पन्नास रुपये देतं कोण? थोडे दुकानदार देतो. ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून तो कर्ज देणाऱ्या कंपनीला विक्रीवर कमिशन मोजतो आणि ते कुठेतरी मालाच्या किमतीत बसतंच. उरलेले देतो तो ज्याची तारीख हुकते. समजा, महिन्याला सहा हजारांची खरेदी केली आणि एक टक्का परत मिळाला, तर झाले साठ रुपये. एका महिन्यात तारीख विसरलात आणि विलंबशुल्क 250 रुपये लागलं, तर 18 टक्के जीएसटी धरून 295 होतात. पाच महिन्यांची कमाई दोन दिवसांच्या विसराळूपणात गेली. जो कधीच विसरत नाही त्याचं बक्षीस विसरणाऱ्याच्या खिशातून येतं. आणि आपण विसरणारे नाही, अशी खात्री विसरणाऱ्यालाही असतेच.

‘नो कॉस्ट ईएमआय’चा हिशेब तर सावकाश मांडून बघण्यासारखा आहे. 24 हजारांचा फोन, क्रेडिट कार्डावर चार हजारांचे सहा हप्ते. वार्षिक 15 टक्के दर धरला तर या हप्त्यांत हजाराच्या आसपास व्याज लपलेलं असतं. तेवढी सूट दुकानदार आधीच देतो, म्हणून बेरीज बरोबर 24 हजार दिसते. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 180 रुपये, तुमच्या माथी. 199 रुपये प्रोसेसिंग फी असेल तर करासह आणखी 235. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट चारशेवर गेली. वर बहुतेक कार्डांवर ईएमआयच्या खरेदीला पॉइंट मिळत नाहीत, ते वेगळंच. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना 17 सप्टेंबर 2013 लाच लेखी बजावलं होतं. म्हणून काउंटरवर एक प्रश्न जरूर विचारावा: ‘‘भाऊ, नगदी घेतलं तर कितीला?’’ कधीकधी उत्तर ऐकून पॉइंटांचा मोह तिथल्या तिथे उतरतो.

भाच्याला दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा मात्र तो चपापला. बुटाचे पैसे ‘नंतर द्यायचे’ म्हणजे त्याच्या नावावर कर्ज आहे. अॅपच्या मागे कुठलीतरी बँक किंवा बिगरबँक वित्तसंस्था असते आणि ती हा व्यवहार सिबिलसारख्या संस्थांना कळवते. एका बँकेच्या कर्जविभागात बसणारा माझा मित्र सांगतो, घरासाठी कर्ज मागायला येणाऱ्या पोरापोरींच्या अहवालात हल्ली चार-पाच बारकी कर्जं सापडतात आणि त्यातली दोन त्यांना स्वतःलाच आठवत नसतात. 300 ते 900 च्या त्या मोजपट्टीवर बारक्या थकबाकीचाही ओरखडा उमटतो.

बरं, ही अॅपं तरी कायमची कुठे आहेत? जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं वॉलेट आणि प्रीपेड कार्डांत उधारीचे पैसे भरायला मनाई केली, तेव्हा या धंद्यातल्या अनेकांना गाशा गुंडाळावा लागला किंवा वेश बदलावा लागला. 2023 सरताना झेस्टमनी बंद पडली. सप्टेंबर 2025 मध्ये परवान्याशिवाय पेमेंटचा कारभार चालवल्याबद्दल सिम्पलला तो थांबवायचा आदेश झाला. साठवलेले पॉइंट अशा वेळी कुठल्या खिडकीवर वटवायचे? संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीवरून आपण रोज जातो, पण तिथे काही पॉइंट बदलून मिळत नाहीत. मिळतात ते नियम, आणि ते कामाचे आहेत. डिजिटल कर्ज देताना खर्चाचं विवरणपत्र द्यावंच लागतं. मन बदललं तर दंडाशिवाय माघार घ्यायला किमान एक दिवस मिळतो, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरायचा. हे विवरणपत्र कुणी वाचत नाही. मीही परवाच पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

बिनव्याजी मुदतीचा फायदा होतो, हे खरंच. पण होतो किती? पाच हजार रुपये महिनाभर बचत खात्यात पडून राहिले, तर अडीच टक्क्यांनी दहा रुपये आणि काही पैसे. इतवारीच्या सराफ्यात नेमका उलटा खेळ चालतो: अकरा हप्ते आधी भरा, बारावा दुकानदार घालेल. तिथे बक्षीस आधी पैसे देणाऱ्याला असतं. त्यात सराफ बुडण्याची जोखीम आहे आणि घडणावळ मनमानी लागू शकते. पण निदान हात आखडता राहतो. पॉइंटांचा खेळ हात सैल करायला लावतो. भाच्याला बूट हवे होते 1,800 चे. पन्नास रुपये मिळायला किमान अडीच हजारांची खरेदी लागत होती, म्हणून त्यानं 2,600 चे घेतले.

हे कागदावर मांडून दिल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग मोबाइल घेऊन बसला. नंतर पैसे द्यायची तीन खाती उघडलेली निघाली. दोन त्यानं बाकी भरून माझ्यासमोरच बंद केली. तिसरं का ठेवलं, म्हणून विचारलं.

‘‘त्याच्यात 370 पॉइंट पडून आहेत ना मामा. पाचशे झाल्याशिवाय निघत नाही.’’