या प्रबंधाचा परीक्षक कोण?

संगणकशास्त्र आणि कला यांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या पीएच.डी.विषयी आपल्या विद्वत्सभांत जेव्हा केव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा असा अर्ज कोणत्या विद्याशाखेच्या दप्तरी दाखल करावा एवढ्यावरच अडून बसते. वास्तविक प्रश्न विचारण्याचा अधिकार कलेकडे राहणार की यंत्राकडे, हा त्यातील खरा वाद आहे.

बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली 2011 साली सुरू झालेला, आणि मुंबई व मद्रास येथील आय.आय.टी.चे ज्यास साहाय्य लाभले तो ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्प या दृष्टीने उद्बोधक आहे. पाश्चात्त्य संगीतासाठी घडविलेली संगणकीय साधने सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरून चालतात. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो आणि मींड-आंदोलनांमुळे स्वर एका जागी स्थिर राहत नाही, त्यामुळे राग ओळखणे दूरच, ध्वनिमुद्रणातला षड्ज कोणता हेच तेथील संशोधकांना आधी यंत्राकडून शोधवून घ्यावे लागले, आणि त्या शोधात मागे अखंड वाजणारा तानपुरा अडथळा न ठरता मुख्य पुरावा ठरला. तानपुरा जुळवताना ज्याने गुरूची बोलणी खाल्ली आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. त्यांची नुसती मोजदाद करणारे यंत्र दोन्ही राग एकाच खात्यात जमा करील, आणि ही चूक कोणत्या जातीची आहे हे अचूकतेच्या टक्केवारीवर संतुष्ट होणाऱ्या परीक्षकाच्या ध्यानातही येणार नाही.

विद्यापीठांची दृष्टी अशा कामी तोकडी पडते, याला परदेशही अपवाद नाही. जॉन चाउनिंग या संगीतरचनाकाराने 1967 मध्ये स्टॅनफर्ड येथे संगणकावर फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनने नाद घडविण्याची युक्ती शोधली. विद्यापीठाने त्यांना नोकरीत कायम केले नाही, आणि यामाहा कंपनीने त्या युक्तीत रस घेतल्यावर मात्र परत बोलावून घेतले. (त्याच युक्तीवर आधारलेला ‘डीएक्स 7’ हा कीबोर्ड 1983 साली बाजारात आला.) व्यापाराची मोहोर उठल्यावाचून विद्वत्ता ओळखता येऊ नये, हे विद्यापीठाला शोभणारे नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे की, अशा प्रबंधाला दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक असावेत, प्रत्यक्ष कलाकृती परिशिष्टात न ढकलता प्रबंधाचाच भाग मानावी, आणि गुरुमुखातून विद्या घेतलेल्या, परंतु पदवीची सनद जवळ नसलेल्या गायकासही परीक्षक म्हणून पाचारण करण्याची तरतूद नियमांत व्हावी. त्याचा शेरा शिष्टाचारापुरता न राहता निर्णायक असावा, आणि मानधनही इतर परीक्षकांइतकेच मिळावे.