समुद्राबद्दल तुम्हाला विचारलंय, उत्तर दिलंत का?

पेपरच्या आतल्या पानावर कधीतरी एक जाहिरात असते. बारीक टाइप, लांबलचक वाक्यं, खाली कुठल्या तरी अधिकाऱ्याचं पदनाम. वर लिहिलेलं असतं, 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी'. आपण पान उलटतो आणि क्रिकेटकडे वळतो. पण किनाऱ्यावरचे बरेच मोठे निर्णय याच जाहिरातीने लोकांसमोर येतात आणि ती छापून आली की घड्याळ सुरू होतं.

या घड्याळाचे आकडे आधी माहीत करून घ्या. केंद्र सरकारला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नवे निर्बंध आणायचे किंवा जुने बदलायचे असतील, तर सर्वसाधारणपणे आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ६० दिवस मिळतात. बंदरासारख्या मोठ्या प्रकल्पासाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यायची, तीही एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी. सगळ्या सुनावणीचं चित्रीकरण करायचं आणि शेवटी लोकांनी काय म्हटलं याचा सारांश त्यांच्याच भाषेत वाचून दाखवायचा. कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते आपल्याच किनाऱ्यावरच्या तीन ठिकाणी बघू.

मालवण : विचारलंच नाही

१९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. प्रवाळ, मासे, एकूणच समुद्री जीवसृष्टी वाचवण्यासाठी हा निर्णय होता आणि हेतू चांगलाच होता. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही. मासेमारीच बंद होणार, या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला आणि अभयारण्य वर्षानुवर्षं बरंचसं कागदावरच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, मच्छीमारांना संरक्षणच नको असतं. तसं नाही. पर्ससीन जाळ्यांवर आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंधनं आणा, अशी मागणी घेऊन सर्वाधिक लढले ते याच पट्ट्यातले रापणकर आणि छोटे मच्छीमार. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश काढला, त्यामागे या मागणीचा मोठा वाटा होता. समुद्र वाचवायचा कसा, हे त्यांना ठाऊक होतं. १९८७ साली कुणी नीट विचारलं नाही, इतकंच.

वरळी : उशिरा ऐकलं

मुंबईचा सागरी किनारा मार्ग वरळीजवळ वांद्रे-वरळी सी लिंकला जोडायचा होता. वरळी कोळीवाड्यातल्या बोटी क्लीव्हलँड बंदरातून ज्या वाटेने समुद्रात जातात, तिथेच पुलाचे खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर. कागदावर बघितलं तर भरपूर वाटतं. पण वारा सुटलेला असताना, पाण्याला ओढ असताना बोट सरळ रेषेत जात नाही, हे रोज त्या पाण्यातून जाणाऱ्यालाच कळतं. मच्छीमारांनी १६० मीटरची मागणी केली. आंदोलनं झाली, बैठका झाल्या आणि अखेर १२० मीटरवर तोडगा निघाला. एक खांब कमी करायचं ठरलं.

पण हे ठरलं २०२२ च्या अखेरीस. रस्त्याचं काम सुरू होऊन चार वर्षं झाली होती. हाच प्रश्न आराखडा टेबलावर असताना विचारला असता, तर एक रेघ खोडून भागलं असतं. लोकांना विचारल्याने प्रकल्प रखडतात, असं आपण नेहमी ऐकतो. इथे वेळ गेला तो उशिरा ऐकल्यामुळे.

वाढवण : विचारलं, पण…

डहाणूजवळच्या वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर इथे झाली. समुद्रात भराव टाकून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची, असा हा प्रकल्प. स्थानिक मच्छीमारांचा आणि गावकऱ्यांचा विरोध जुना, त्यामुळे हरकती ढिगाने आल्या. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ऑगस्टअखेर भूमिपूजनही झालं.

बंदर हवं की नको, यावर तुमच्या वर्गातही दोन गट पडतील. रोजगाराचा मुद्दा खोटा नाही, मासळीचाही नाही. पण एक प्रश्न दोन्ही गटांनी विचारायला हवा : सुनावणीत आलेल्या हरकतींचा अभ्यास करून, त्यावर तज्ज्ञ समितीत चर्चा होऊन निर्णय व्हायला महिनाभर पुरतो का?

इथेच एक गैरसमज दूर करू. जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. हजार लोकांनी 'नको' म्हटलं म्हणून प्रकल्प रद्द होत नाही, तसा नियमच नाही. गणसंख्येचीही अट नाही. मग जायचं कशाला? कारण तिथे मांडलेला प्रत्येक मुद्दा नोंदला जायला हवा आणि त्यावर प्रकल्पकर्त्याला उत्तर द्यावं लागतं. पुढे प्रकरण हरित लवादात किंवा न्यायालयात गेलं, तर हीच नोंद उघडून बघितली जाते. 'चले जाव' ही घोषणा जोरदार असते, पण तिला उत्तर देण्यासारखं काही नसतं. 'अमुक महिन्यांत आमची जाळी याच भागात लागतात, अहवालात हा भाग मासेमारीचा म्हणून दाखवलेला नाही' या वाक्याला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

भाषेची भिंत

आणि असं वाक्य लिहायला अहवाल वाचावा लागतो. तो असतो शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. स्थानिक भाषेत मिळतो फक्त सारांश. २०२० मध्ये लॉकडाऊन चालू असताना केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा आणला. त्यात जनसुनावणीच्या सूचनेचे ३० दिवस कमी करून २० करण्याचा प्रस्ताव होता. मसुदा निघाला इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये भाषांतराचा आदेश दिला. देशभरातून लाखो ईमेल गेले, त्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता.

या भाषेच्या भिंतीत दार पाडणं तुम्हाला जमू शकतं. ज्याला समुद्र कळतो त्याला अहवालाचं इंग्रजी अवघड जातं आणि ज्याला इंग्रजी येतं तो बहुतेक वेळा कधी होडीत बसलेला नसतो. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत मात्र ही दोन्ही माणसं एकाच ताटाभोवती जेवतात : बाबा किंवा आजी आणि कॉलेजात जाणारी तुम्ही मुलं.

म्हणून एवढं करून बघा. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून काय चाललंय ते शोधा. अहवाल उतरवून घ्या आणि सगळा वाचायच्या भानगडीत न पडता आधी नकाशे बघा. त्यात मासे वाळवायची जागा, होड्या लावायची जागा, खारफुटी, कोळीवाड्याची हद्द बरोबर दाखवली आहे का? घरातल्या, गावातल्या जाणत्या माणसाला नकाशा दाखवा, तो म्हणेल ते लिहून घ्या. पान क्रमांकासह मुद्दे मांडा, मुदतीत पाठवा आणि पोच घ्या. मराठीत लिहिलंत तरी चालतं. सुनावणीत बोलण्याची संधी स्थानिक बाधितांसाठी असते, पण लेखी म्हणणं पुण्या-नागपुरातूनही पाठवता येतं.

पुढची जाहिरात दिसली, की पान उलटण्याआधी तारीख बघा आणि दिवस मोजा. ३० असतील, तर एक प्रकल्प अहवाल तपासायला आणि चार माणसांशी बोलायला ते पुरतात. पण सुरुवात पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी.