घरचे मैदान, रिकाम्या खुर्च्या

मुंबई, प्रतिनिधी

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात १ जून २०१८ रोजी भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा धुव्वा उडवला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि हे सारे पाहायला हजर होते अवघे २५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून केलेले आवाहन देशभर गाजले आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या लढतीची सर्व तिकिटे संपली. मात्र ती गर्दी पाहुण्यासारखी आली आणि तशीच गेली. याच मैदानाला २०१६ पासून घर मानणाऱ्या मुंबई सिटी एफसीच्या अनेक सामन्यांत रिकाम्या खुर्च्यांचेच दर्शन घडत आले आहे. मैदानाची क्षमता दहा हजारांहूनही कमी, तरी ही अवस्था!

संघ वाईट खेळतो, असे म्हणण्याची सोय नाही. २०२०-२१ च्या मोसमात लीग शील्ड आणि करंडक, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, २०२३-२४ मध्ये पुन्हा करंडक. मात्र पहिले दुहेरी यश करोनाकाळात गोव्यातील बंद दाराआड आले आणि २०२४ ची अंतिम लढत झाली ती कोलकात्यात. घरच्या प्रेक्षकांनी आपल्या संघाचे मोठे क्षण पाहिले ते दूरचित्रवाणीवर.

प्रवासाचे कारण नेहमी पुढे केले जाते. आझाद नगरचे मेट्रो स्थानक संकुलालगतच आहे, हे खरे. पण आठवड्याच्या मधल्या वारी साडेसातला सुरू होणारा सामना संपवून विरारला किंवा डोंबिवलीला परतायचे म्हणजे मध्यरात्र होणार. हा मुद्दा रास्त आहे, पुरेसा मात्र नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची गाठ पडते तेव्हा हजारोंची गर्दी होते. तेथे संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते आणि खेळणारा पोरगा गल्लीतला. 'आपला संघ कोणता', हे कोल्हापूरकराला जाहिरातीतून सांगावे लागत नाही.

मुंबईलाही फुटबॉल नवा नाही. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकाने कूपरेजवर पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक घडवले. ती स्पर्धा नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये गुंडाळला गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि त्याचाही गाशा गुंडाळला गेला. पुण्यात तर पुणे एफसी (२०१५), डीएसके शिवाजीयन्स (२०१७) आणि एफसी पुणे सिटी (२०१९) यांनी लागोपाठ निरोप घेतला. प्रेक्षकाने निष्ठा वाहायची तरी कोणावर? संघाचा गणवेश विकत घ्यावा आणि दोन वर्षांत संघच नाहीसा व्हावा, हा अनुभव त्याने वारंवार घेतला आहे.

तोच प्रश्न आता मुंबई सिटीपुढे उभा आहे. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या घोळात काही महिने रखडला. अशा काळात स्टँडमध्ये ढोल-घोषणांसह उभी राहणारी वेस्ट कोस्ट ब्रिगेड हीच क्लबची खरी मिळकत म्हणायला हवी. तिची संख्या लहान असली तरी ती निकाल पाहून येत नाही.

वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर आणि कूपरेजवर स्थानिक लीग खेळणारी मुले, त्यांचे प्रशिक्षक आणि पालक हा या क्लबचा हक्काचा प्रेक्षकवर्ग. ही मंडळी इंग्लिश प्रीमियर लीगसाठी रात्री जागतात, अंधेरीला मात्र येत नाहीत. त्यांना स्वस्त तिकीट देणे क्लबला फारसे अवघड नाही. त्यांच्यातला एखादा मुलगा मुंबई सिटीच्या अकरा जणांत दिसणे याला मात्र वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे क्लबने तग धरायला हवी.