प्रकाशाचा आकार आणि धातूचा रवा

जस्ताचा मुलामा दिलेली नवी बादली उन्हांत धरून पाहिली, तर तिच्या अंगावर लहानमोठ्या चकाकणाऱ्या ठिगळांची नक्षी दिसते. ती कोणा कारागिरानें काढलेली नव्हे. वितळलेलें जस्त थिजतांना त्याचे जे रवे बनले तेच ते. पोलादालाही असेच रवे असतात, पण ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. तूप सावकाश निवलें म्हणजे रवाळ होतें, हें घरोघरच्या मातांस सांगावयास नको. धातूचा रवाही तो कसा निवतो यावर पुष्कळ अवलंबून असतो.

हल्लीं धातूची भुकटी सुमारें ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर जाडीच्या थरांत पसरावयाची, लेसरच्या झोतानें हवी तेवढीच वितळवावयाची, आणि थरावर थर चढवीत वस्तु घडवावयाची, अशी रीत विमानांच्या भागांसाठीं व मनुष्याच्या कृत्रिम सांध्यांसाठीं निघाली आहे. नेहमींचा झोत मध्यभागीं प्रखर व कडेला मंद असतो. वितळलेल्या डबक्यांतील उष्णता खालच्या घट्ट धातूंत उतरते आणि रवे उलट दिशेनें, खांबांप्रमाणें, अनेक थर भेदून वर चढतात. मग उभ्या व आडव्या दिशेचें बळ सारखें राहत नाहीं. वरून पाहणारास यांतलें कांहींच कळत नाहीं, आणि आम्हांस भय वाटतें तें याचेंच.

यावर कित्येकांचें उत्तर असें कीं, वस्तु मागाहून भट्टींत तापवावी. त्यानें लाभ होतो हें आम्ही नाकारीत नाहीं. पण भट्टी साऱ्या वस्तूस एकच न्याय लावते. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं २०१७ सालीं दुसरी वाट दाखविली. ३१६एल जातीच्या न गंजणाऱ्या पोलादावर त्यांनीं गोल झोताऐवजीं लंबवर्तुळाकार झोत फिरवून पाहिला, तेव्हां कित्येक ठिकाणीं खांबांऐवजीं चोहोंकडून सारखे, आखूड रवे पडले. प्रयोग एकेकट्या रेघांवर होता, सबंध वस्तूवर नव्हे. तरी दिशा आम्हांस बरोबर वाटते.

खांबासारखा रवा वाईटच, असें मात्र कोणी समजूं नये. जेट इंजिनांतील तप्त पातीं मुद्दाम तशा रव्यांचीं, किंबहुना एकाच अखंड रव्याचीं, ओततात. कारण प्रखर उष्णतेंत ओढ बसली म्हणजे रव्यांमधील आडवे सांधे आधीं सुटतात. तेव्हां कोणत्या जागीं कोणता रवा हवा, हें आधीं ठरलें पाहिजे. यंत्रें जलद करण्याची धडपड चालू आहेच. आमच्या मतें झोताच्या आकाराकडे निदान तितकेंच लक्ष द्यावें, आणि वस्तूच्या नकाशावर लांबी, रुंदी, जाडी लिहितात तशी त्या त्या जागच्या रव्याचीही अट लिहावी. ती लिहिली नाहीं, तर तपासणारा तरी काय ताडून पाहणार?