शस्त्रक्रियेआधीची उपासमार

उतारवयात मोरीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. सरकारी रुग्णालयात खाट मिळते. परंतु शस्त्रक्रियेचा दिवस लांबत जातो. कधी भूलतज्ज्ञ उपलब्ध नसतो, कधी योजनेची मंजुरी आलेली नसते. मध्यरात्रीपासून उपाशी ठेवलेल्या वृद्धेला दुपारी सांगण्यात येते, की आज नाही, उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वस्तुतः भूल देण्यापूर्वी सामान्यतः सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य करणे पुरेसे असते. त्याहून लांबलेला उपास ही वैद्यकीय गरज नव्हे. ती व्यवस्थेची सोय आहे.

मोडलेले हाड सांधण्यासाठी शरीराला अधिक अन्न लागते. ते न मिळाल्यास शरीर स्वतःचेच स्नायू झिजवते. जखम भरत नाही, पाठीला व्रण पडतात, छातीत संसर्ग होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियाची नोंद होते, उपासमारीची होत नाही.

ही उपासमार अटळ आहे काय? वेल्समधील कार्डिफ येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. खुबा मोडलेल्या, ६५ वर्षांवरील सुमारे ३०० स्त्रियांपैकी निम्म्या जणींसाठी आहार-साहाय्यक नेमले होते. ते आवडनिवड विचारीत, ताट हाताशी आणून देत, गरज पडल्यास घास भरवीत. या स्त्रियांत त्या कक्षातील मृत्यूचे प्रमाण ४.१ टक्के राहिले. इतरांत ते १०.१ टक्के होते. चार महिन्यांनंतरही ही तफावत टिकून होती. बेव्हन यांनी १९४८ साली उभारलेल्या मोफत आरोग्यसेवेतही अन्न शिजत होते; ते रुग्णाच्या पोटात जाते की नाही, हे पाहणे मात्र कोणाचेच निश्चित काम नव्हते.

आपल्याकडे हे काम सून किंवा मुलगी करते, आपली रोजंदारी बुडवून. तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. आणि जिला कोणीच नाही, तिचे ताट तसेच परत जाते. अशी वृद्धा बहुधा घरूनच अर्धपोटी आलेली असते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत महिना अवघा २०० रुपये आहे. २००७ पासून तो वाढलेला नाही. राज्य त्यात भर घालते, पण महागाई ती भर गिळून टाकते. २०२४ साली ७० वर्षांवरील सर्वांना पाच लाखांचे विमाछत्र जाहीर झाले. ते स्वागतार्हच आहे. तथापि घास भरवणारा हात विम्यातून येत नाही.

यासाठी पैसा कोठून आणावा, असा प्रश्न हमखास विचारला जाईल. व्रण आणि संसर्ग यांमुळे लांबलेल्या मुक्कामाचा खर्च आजही सार्वजनिक तिजोरीच सोसते. तो मात्र कोणी विचारात घेत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दाखल होताच वृद्धाचे वजन व आहार यांची नोंद व्हावी. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर त्याच क्षणी जेवण द्यावे. प्रत्येक अस्थिरोग कक्षात पगारी आहार-सेविका असावी. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयात जेवणाच्या वेळी जावे आणि किती ताटे न शिवता परत जातात, ते मोजावे. आंदोलनाची सुरुवात त्या आकड्यापासून करता येईल.