दस्तुरीच्या पुढे मोटार नकोच

संपादक महाशय,


माथेरानच्या बाजारपेठेपर्यंत मोटारींस मुभा द्यावी, अशी सूचना करणारे एका वाचकांचे पत्र गतांकात वाचले. वृद्ध व रुग्ण यांच्याविषयीची त्यांची कळकळ रास्त आहे. परंतु तीवरून काढलेला निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडलेला हा डोंगरमाथा जांभ्या दगडाचा असून, त्यावरील तांबडी माती जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या मुळांनी धरून ठेवली आहे. याच वृक्षांच्या परस्परांत गुंतलेल्या शेंड्यांवरून शेकरू संचार करते, आणि म्हणूनच मोटारींसाठी रस्ता रुंद करताना हे छत्र जेथे दुभंगेल, तेथे मृत्तिका व प्राणी या उभयतांचा आधार एकाच वेळी नाहीसा होईल. २००५ च्या अतिवृष्टीने १९०७ पासूनच्या नेरळ–माथेरान रेल्वेमार्गाची केलेली वाताहत या डोंगराची नाजूक प्रकृती पुरेशी स्पष्ट करते. केंद्र सरकारने २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तो याच जाणिवेने.

अशक्तांची सोय अवश्य व्हावी. त्यासाठी, हातरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्टही हलके करणाऱ्या ई-रिक्षा मर्यादित संख्येने चालवाव्यात आणि रेल्वेची सेवा नियमित राहावी म्हणून सरकारदरबारी आपण सर्वांनी आग्रह धरावा. मात्र दस्तुरी नाक्यापुढील मोटारबंदी शिथिल करण्याची मागणी पत्रलेखकांनी मागे घ्यावी, अशी माझी त्यांस कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक