उसनवारीची लाज कशाला?

जपानचा विषय निघाला की आमच्या सरकारी नोकरांच्या बैठकीत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, जपान्यांनी सारे पाश्चात्त्यांचे उचलले. त्यांचे स्वतःचे असे आहे काय? दुसरे असे की, तेथील शिस्त त्या मातीतच उगवलेली. परक्यांनी त्यांना काय शिकवावे? ही दोन्ही मते आम्हांला सारखीच आळशी वाटतात. वाट चुकलेल्या मुलांच्या शिक्षणाचा जपानमधील इतिहास पाहिला म्हणजे दोहोंचाही फोलपणा उघड होतो.

मातीच्या अभिमान्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. १७९० साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, इशिकावाजिमा येथे निराधार भटक्यांना कामधंदा शिकविणारी वसाहत निघाली होती. १८८३ साली ओसाकात इकेगामी युकिए या स्त्रीने बिघडलेल्या मुलांना आपल्या आश्रयाला घेतले. करुणा घरचीच होती. परंतु करुणेला व्यवस्थेचे रूप देण्यासाठी जपानला बाहेर पाहावे लागले, आणि ते पाहण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

तोमेओका कोसुके हा ख्रिस्ती धर्मोपदेशक होक्काइदोतील तुरुंगात काम करीत होता. तेथील अनेक कैद्यांची वाट बालपणीच चुकली होती, हे त्याच्या ध्यानी आले. १८९४ साली तो अमेरिकेस गेला आणि काँकर्ड व एल्मायरा येथील सुधारगृहे त्याने अभ्यासिली. आता नक्कलेचा आरोप करणाऱ्यांनी पुढचे नीट ऐकावे. एल्मायरा म्हणजे गुणांची खातेवही, लष्करी कवायत आणि करडी शिक्षा; तेथील मारहाणीची चौकशीही त्याच सुमारास झाली होती. तोमेओकाने मायदेशी परतून १८९९ साली तोक्योत सुगामो येथे संस्था काढली, ती मात्र बराक नव्हे. तिचे नाव ‘कातेई गाक्को’, म्हणजे घर-शाळा. लहान घरे, प्रत्येक घरात थोडी मुले, आणि त्यांच्यासह राहणारे वडीलधारे माणूस.

ही कल्पनाही अस्सल जपानी नव्हती. हँबुर्गजवळ विखेर्न याने १८३३ साली आणि फ्रान्समध्ये मेत्रे येथे दमेत्झ याने १८३९ साली मुलांची अशी कुटुंबे बसविली होती. तोमेओकाने तीत निनोमिया सोन्तोकु या शेतकरी विचारवंताची श्रम व काटकसर यांची शिकवण मिसळली आणि १९१४ साली होक्काइदोच्या रानात शेतीसह नवी शाखा उभारली. मेत्रेची वसाहत पुढे क्रौर्यासाठी बदनाम होऊन १९३७ साली बंद पडली. होक्काइदोची शाळा आजही चालू आहे. बी कोठून आणले यापेक्षा ते पेरून राखण कोणी केली, हा प्रश्न मोठा नव्हे काय?

कायद्यांची कथा याच्या उलट आहे. १९०० साली सुधारगृहांचा कायदा झाला. पण खर्चाचा भार प्रांतांवर टाकला गेल्यामुळे बहुतेक प्रांत स्वस्थ बसले. १९०८ साली कायदा दुरुस्त होऊन राष्ट्रीय तिजोरीतून साहाय्य मिळू लागले, तेव्हा कामाला गती आली. १९२२ चा बालगुन्हेगारीविषयक कायदा अमेरिकन बालन्यायालयांकडे पाहून आला, तो साऱ्या देशात लागू व्हायला १९४२ साल उजाडले. १९४८ चा कायदा तर अमेरिकन ताब्याच्या काळातला. १९४९ पासून कुटुंब न्यायालये मुलांचे खटले पाहू लागली. २०२२ साली अठरा व एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी हाच कायदा कडक करण्यात आला. तो मूळचा परका होता की नव्हता, यावर त्या मुलांचे बरेवाईट ठरणार नाही. त्यांच्यासोबत कोण बसतो, यावर ठरेल.

आम्हां कारकुनांना हे सर्वांआधी कळावयास हवे. परक्या कायद्याचा मसुदा आठवड्यात उतरवून काढता येतो. आपल्याकडेही १८७६ चा सुधारशाळांचा कायदा इंग्रजी वळणानेच आला. परंतु मुलांबरोबर जेवणारे, त्यांच्या आजारपणात रात्र जागवणारे जोडपे कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावयाचे? त्याचे कामाचे तास किती, रजा किती, बदली केव्हा? टिपणीत हे बसत नाही, म्हणून ते हळूच गळते. जपानमध्येही हेच घडत आहे. नवराबायकोने चालवायची घरे कमी होत चालली, आणि पाळीपाळीने येणारे कर्मचारी वाढले. कर्मचाऱ्यांनाही विसावा हवा, हे आम्ही नाकारीत नाही. पण पाळी संपली की निघून जाणाऱ्या माणसाला मूल आपले म्हणेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की उसने घेण्याची लाज धरू नये आणि प्रौढीही मिरवू नये. लाज वाटायची तर याची वाटावी, की आपण कायदा आणतो, इमारत बांधतो, दारावर पाटी लावतो, आणि आत राहणारे माणूस नेमावयाचे विसरतो. तोमेओकाने परदेशातून घराची कल्पना आणली आणि घरात माणसे ठेवली. ज्यांना त्याचे अनुकरण करावयाचे असेल, त्यांनी आरंभ माणसांपासून करावा.